टेकाड तेच, पाणी वेगळं: नाथसागराच्या काठावरचं एक प्रकरण

जानेवारी २०२५ मधल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर, पक्षी बघायला गेलेल्या आमच्या गटातला आठवीतला एक मुलगा बुडता बुडता वाचला. त्याला काढायला धावलेला चोवीस वर्षांचा तरुण त्याच्यासोबतच खाली चालला होता. दोघांना बाहेर काढलं ते जवळच जाळी काढत असलेल्या एका मच्छीमार मामांनी. गट मी नेला होता, आणि "टेकाडापर्यंत गुडघाभर पाणी असेल, जा" हे मीच म्हणालो होतो.

मुलाच्या आईवडिलांशी बोलून, त्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे. माणसांची आणि त्या गावाची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. मराठवाड्यात पक्षी बघायला, तंबू टाकायला, पोहायला धरणांच्या काठांवर जाणारी मंडळी गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहेत. आमच्यातले बहुतेक जण पाण्याजवळ वागायला शिकले ते डोंगरातल्या धरणांवर, आणि ते शिकलेलं सपाटीवरच्या धरणावर उपयोगाला आलं नाही. उलट अंगाशी आलं.

डोंगरातलं पाणी, मैदानातलं पाणी

आमचा गट छत्रपती संभाजीनगरचा. पावसाळ्यात म्हैसमाळ, गौताळा, अजिंठ्याची डोंगररांग, आणि वर्षातून एकदा भंडारदरा असा आमचा रिवाज. भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवरचं, १९२६ सालचं, साधारण ११ टीएमसीचं, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाण्याचं. सह्याद्रीच्या कुशीत ते पाणी ओंजळीत धरल्यासारखं आहे. काठ खडकाळ, उतार तीव्र. पाणी दहा फूट खाली गेलं तरी काठ थोडासाच सरकतो आणि डोंगराच्या पायथ्याशी उघड्या मातीचा पट्टा दिसायला लागतो. तिथं पाण्यात पाय टाकायच्या आधीच डोळ्यांना कळतं की पुढं खोल आहे. भीती समोर दिसते, म्हणून माणूस आपोआप जपून वागतो.

हीच प्रवरा खाली टोक्याला गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी नाथसागरात येऊन पसरतं. पसरतं हाच त्याला खरा शब्द आहे. जायकवाडीच्या पायाचा दगड १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवला आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर आणि त्यातला २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, कालव्यात सोडता न येणारं पाणी. एवढं पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. भागाकार केला तर धरण काठोकाठ भरलेलं असतानाही सरासरी खोली सत्तावीस-अठ्ठावीस फुटांच्या आसपास येते. भिंतीजवळ आणि गोदावरीच्या जुन्या पात्रात ती बरीच जास्त असल्यामुळे कडेला मैलोगणती उथळ पाणीच उरतं.

पैठणला धरणाचं पाणी फुटात बोलतात. समुद्रसपाटीपासून १५२२ फूट पातळी म्हणजे भरलं. चहाच्या टपरीवर "आज किती?" असं कुणी विचारलं तर तो पातळीच विचारत असतो. आम्ही शहरातले टक्क्यांत बोलतो, वर्तमानपत्रात टक्केच छापून येतात म्हणून. काठावर जाणाऱ्या माणसाला मात्र फुटांचाच हिशेब कामाला येतो. पाचशे फुटांत एक फूट उतार असलेल्या जमिनीवर पाणी एक फूट चढलं की काठ पाचशे फूट मागं सरकतो. नाथसागराचा काठ ही दरवर्षी, दर महिन्याला नवी आखली जाणारी रेघ आहे, आणि या गोष्टीचा आम्ही कधी मनापासून विचार केलेला नव्हता.

दोन जानेवाऱ्या

त्या जागी आम्ही पहिल्यांदा गेलो जानेवारी २०२४ मध्ये. २०२३ चा पावसाळा मराठवाड्याला कोरडा गेला होता. जायकवाडी निम्मंही भरलं नव्हतं. समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानं नगर-नाशिकच्या धरणांमधून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला होता आणि त्यावरून दोन्हीकडं वातावरण तापलं होतं. पाणी खूप आत गेलं होतं. डांबरी रस्त्यावरून उतरून बाभळींमधून दहा मिनिटं चाललं की एक बुटकं टेकाड लागायचं. तिथपर्यंत पाय ओले होत नव्हते. टेकाडावर दुर्बीण लावली. पुढं भेगाळलेला गाळ, त्यापुढं घोटाभर पाणी, आणि त्या पाण्यात शेकाटे, चित्रबलाक, चक्रवाकांच्या जोड्या, अगदी लांब गुलाबी रेघ ओढल्यासारखे रोहित (फ्लेमिंगो). मुलांना इतकं जवळून इतकं काही दिसलं की परतीच्या गाडीतच पुढच्या वर्षीचं ठरलं.

मग २०२४ चा पावसाळा भरभरून झाला. सप्टेंबरात धरण भरलं, दरवाजे उघडले. रब्बीची आवर्तनं चालू झाली तरी जानेवारी २०२५ मध्ये फुगवटा फारसा उतरला नव्हता. आम्ही बाभळींतून बाहेर आलो तर समोर सगळं पाणीच. टेकाड होतं, पण काठापासून दीडशे फुटांवर, बेटासारखं. जवळपास फक्त वारकरी (कूट) पक्षी, पाणकावळे आणि थोडी बदकं.

यातही एक धडा होता आणि तो आम्ही वाचला नाही. लांब पायांच्या पक्ष्यांना टेकायला घोटाभर पाणी आणि उघडा गाळ लागतो. धरण भरलेल्या वर्षी ते काठ त्यांच्यासाठी बंद असतात. पक्षी आसपासच्या लहान तलावांवर जातात आणि पाणी उतरायला लागलं की उशिरा येतात. शेकाटे आणि रोहित त्या काठावर नव्हते याचा अर्थच असा होता की तिथं आता उथळ पाणी उरलेलं नाही. पक्ष्यांना जे कळलं होतं ते ओळखायला आम्ही दुर्बिणी घेऊन गेलो होतो, आणि ओळखलं नाही.

ती पाच मिनिटं

मुलं हिरमुसली. टेकाडावरून पलीकडचं काहीतरी दिसेल असं त्या आठवीतल्या मुलाला वाटत होतं. त्यानं मला विचारलं, "काका, आपण जाऊ का तिथपर्यंत?" मी काठावर उभा राहून बघितलं. पाणी गढूळ, पण शांत. वाळलेल्या गवताची टोकं काही ठिकाणी वर आलेली. गेल्या वर्षी मी स्वतः ही वाट चाललो होतो, सपाट होती. मी हो म्हणालो आणि दोन तरुणांना त्याच्यासोबत पाठवलं.

पहिली ऐंशी-नव्वद फुटं खरोखर गुडघाभर होती. डावीकडं दोनशे फुटांवर एक मामा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढत होते. ते उभे राहून ओरडले. वाऱ्यात शब्द नीट येत नव्हते. मला "खांदलं" एवढंच ऐकू आलं, आणि मला वाटलं जाळ्याबद्दल काही सांगतायत, जाळं तुडवू नका म्हणत असतील. मी हात वर करून बरं म्हणालो.

तेवढ्यात मुलगा दिसेनासा झाला. पडला नाही, ओरडला नाही. कमरेपर्यंत दिसत होता तो पुढच्या क्षणी केसच दिसत होते. मग तोंड वर आलं, हात पाण्यावर आडवे आपटले, पुन्हा खाली. बुडणारा माणूस हाका मारतो असं आपल्या मनात बसलेलं असतं. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही तेव्हा हाक कुठून येणार? त्या सगळ्या वेळात त्या पोराच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही. काठावरच्या निम्म्या लोकांना तर तो खेळतोय असंच वाटलं.

पुढच्या तरुणानं उडी घेतली. त्याला पोहता येत होतं, भंडारदऱ्याला तो दर वर्षी पोहायचा. मुलानं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं खाली गेले. अंगात जीन्स, स्वेटर, बूट. मुलाच्या गळ्यात दुर्बिणीचा पट्टा. दुसरा तरुण तिथंच थांबला, आणि तो थांबला म्हणून आज तीन जणांची गोष्ट सांगावी लागत नाही. मी पळत निघालो दोरीसाठी. दोरी गाडीत होती आणि गाडी बाभळींपलीकडं चारशे पावलांवर.

मी परत येईपर्यंत सगळं झालं होतं. मामांनी तराफा हातांनी वल्हवत आणला, खड्ड्याच्या कडेपासून थोडं लांब थांबवला आणि जाळ्याचा दोर, टोकाला तरंगता डबा असलेला, दोघांच्या अंगावर फेकला. तरुणाच्या हातात डबा आला. मामा तराफ्यावर पालथे पडले आणि ओढत राहिले. खड्ड्याच्या भिंतीवर पाय टेकवायचा प्रयत्न तरुण करत होता, पण चिकणमातीवर पाय नुसता घसरत होता. नंतर त्यानं सांगितलं, "सर, कड हाताला लागत होती, पण साबणासारखी. धरायला काहीच नव्हतं."

पाण्याबाहेर आल्यावर मुलगा खोकत होता, ओठ निळसर, पण श्वास चालू. आमच्यातल्या एकानं त्याला पालथं घालून पोट दाबायला सुरुवात केली. गटातल्या एक ताई परिचारिका आहेत, त्यांनी हात धरून थांबवलं. पोट दाबलं की पोटातलं वर येतं आणि तेच श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, ओले कपडे काढून पांघरूण घालायचं आणि सोडून जायचं नाही. श्वास बंद असता तर आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे आणि मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, असं मदत येईपर्यंत करत राहायचं. हे त्यांनी नंतर आम्हा सगळ्यांना पुतळ्यावर करून दाखवलं, त्याआधी आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. १०८ ला फोन लावला, पण गाडी तयार होती, म्हणून थेट पैठणला नेलं. फुप्फुसात थोडं पाणी गेलं असलं तरी त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे "आता बरा आहे" म्हणून घरी न्यायचं नसतं. मुलाला संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं आणि मग सोडलं.

"तिथं खांदलं होतं"

संध्याकाळी मी परत त्या मामांकडं गेलो. ते घरी नव्हते, जाळी वाळत घालत होते. म्हणाले, "म्या ओरडलो ना सर, तिथं खांदलेलं हाय म्हणून. उन्हाळ्यात मशीन लावली व्हती, गाळ नेला. तुमाला कसं दिसावं? पाणी सगळीकडं सारकंच दिसतं."

आमची गेल्या वर्षीची वाट खोटी नव्हती. जानेवारी २०२४ ला ती जमीन सपाट होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, शेकडो एकर गाळ उघडा पडला आणि ट्रॅक्टर-टिप्परनं तो शेतात गेला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासूनची. मुरमाड रानात हा गाळ टाकला की जमीन ओल धरते, पीक उभं राहतं. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, इथल्या शेतकऱ्याला त्याची गरज आहे. पण यंत्राच्या तोंडानं काढलेल्या खड्ड्याची कड उभी राहते. नैसर्गिक काठ उतरता असतो, पाय पुढं टाकला की पाणी बोटाबोटानं वाढतं आणि माणूस सावध होतो. इथं गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर.

आणि खड्डे एका प्रकारचे नाहीत. मामांनी बोटं मोडत सांगितले. गाळाचे. विटांच्या मातीचे. आणि जुन्या विहिरी. धरणात शंभरावर गावांची जमीन गेली. घरं मोडून दगड नेले, पण विहिरी कुठं नेणार? बांधीव विहिरी तशाच पाण्याखाली आहेत. त्याशिवाय गाळपेराच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावरच्या शेतीच्या मोटारी: पाणी जसं मागं जातं तसा शेतकरी मोटार पुढं नेतो, वायर ओल्या मातीतून, कधी पाण्यातून गेलेली असते. तिकडं पाण्यात उतरायचं म्हणजे यातलं काहीही पायाखाली येऊ शकतं.

माझ्या चुका मी घटनेच्या दुसऱ्या दिवशी वहीत लिहून काढल्या आणि गटासमोर वाचल्या. पक्षी बघण्याची परवानगी आम्ही घेतली होती. हे १९८६ पासूनचं पक्षी अभयारण्य आहे, आणि पाण्यात उतरणं त्या परवानगीत नव्हतं. इथंच सगळं थांबायला हवं होतं. दोरी गाडीत ठेवली होती, पाण्याजवळ नाही. काठावर जाळी काढत असलेल्या माणसाला आधी राम राम करून "मामा, इथं कसं आहे?" एवढं विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला जागा माहीत आहे. ही शेवटची चूक मला सगळ्यात मोठी वाटते. बाकीच्या तिच्यातूनच निघाल्या.

त्या तरुणाला कुणी बोल लावू नये असं मला वाटतं. तो भंडारदऱ्याच्या पाण्यात तयार झालेला पोहणारा होता. तिथं खडकाला हात लागतो आणि माणूस वर येतो. इथं कड साबणाची होती. पण यानंतर आम्ही गटात एक गोष्ट पक्की केली: पाण्यात उडी शेवटी. आधी काठी, उपरणं, दोर, रिकामा झाकणबंद डबा, जे हाताला येईल ते पुढं करायचं किंवा फेकायचं. मामांना पोहता येत होतं, तरी ते पाण्यात उतरले नाहीत. तराफ्यावर पालथे पडून त्यांनी ओढलं. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाचं ते शहाणपण होतं.

दुपारची नदी

त्या दिवशी दुपारचा बेत धरणाच्या खाली गोदावरीवर होता. नाथांच्या समाधीचं दर्शन आणि घाटावर डबे. तो अर्थातच राहिला. पण गटात नंतर बराच वाद झाला की घाटावर मुलांना पाण्यात सोडलं असतं का. बहुतेकांचं उत्तर हो होतं, कारण नदी तिथं संथ दिसते. धरणाच्या खालचं पाणी पावसावर चालत नाही, दरवाज्यांवर आणि वीजनिर्मितीवर चालतं. जायकवाडीच्या पायथ्याला १२ मेगावॉटचा जलविद्युत संच आहे. तिथून खाली आपेगाव, हिरडपुरीला बंधारे आहेत, त्यामुळे पात्र जागोजागी तळ्यासारखं अडलेलं असतं. आभाळ निरभ्र असताना, नाशिकला पाऊस पडून चार दिवस झालेले असताना पैठणला पाणी वाढू शकतं. नाथषष्ठीला येणाऱ्या वारकऱ्यांच्या स्नानासाठी पाणी सोडतात, तेव्हा सगळ्या गावाला आधी माहीत असतं. रविवारच्या सहलीला ते कोण सांगणार? आपणच जाऊन विचारायचं.

मे महिना

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण परत गेलो. तो मुलगा आणि त्याचे वडीलही आले, येण्याचा हट्ट मुलाचाच. पाणी दूर गेलं होतं. टेकाडाच्या अलीकडं तो खड्डा उघडा पडला होता, तळाशी थोडा चिखल. टेप लावली. सत्तर फूट लांब, चाळीसेक फूट रुंद, आणि काठाकडची भिंत साडेआठ फूट, अगदी सरळ. मुलगा कडेला उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "मला वाटलं होतं याला तळच नाही."

मामा सोबत होते. त्यांनी आम्हाला टेकाडापलीकडं नेलं. तिथं दगडी बांधणीची विहीर होती, तोंड उघडं, आत हिरवं पाणी, थारोळ्याचे, म्हणजे मोटेचं पाणी जिथं पडायचं तिथले, दोन दगड अजून जागेवर. "ह्या हिरीवर माझ्या आज्याची मोट चालायची," ते म्हणाले आणि थारोळ्याच्या दगडावर जाऊन बसले. आम्हीही बसलो. त्या रानात त्यांची चार एकर जमीन होती. बाप तिथं नांगर धरायचा, आणि तेच आता त्या जमिनीवर जाळं टाकतात.

त्या दिवशी मामा पुढं आणि आम्ही मागं, असं सगळं शिवार पायी फिरलो. तीन विहिरी, पाच खड्डे, एक पडक्या देवळाचा चौथरा. प्रत्येक जागा फोनच्या नकाशावर टिपली, आणि खड्ड्यांच्या व विहिरींच्या कडेला पंधरा फुटी बांबू रोवून वर लाल फडकी बांधली. बांबूचे पैसे गटानं दिले, रोवायचं काम मामांनी आणि त्यांच्या पुतण्यानं केलं, त्याची मजुरी ठरवून दिली. आता मे महिन्यातली ही फेरी आमच्या वर्षाच्या बेतात आधी लिहिली जाते आणि जानेवारीची सहल त्यानंतर. पाण्याखालची जमीन ज्यानं उघडी असताना बघितली आहे, असा निदान एक माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना त्या काठावर न्यायचं नाही, असं ठरलं आहे.

पावसाळ्यात वरून पाणी यायला लागलं. ऑगस्टात मामांचा फोन आला. टेकाड बुडालं होतं. खड्ड्यांवरची फडकी पाण्यावर दिसत होती, पण आज्याच्या विहिरीवरचा बांबू लाटांनी नेला होता.

"पाणी उतरलं की दुसरा रोवतो," ते म्हणाले. "तवर पोरं आणू नका सर."